एन्क्रिप्टेड ईमेलसाठी माझाच पत्ता दिला, मग निनावी काय राहिलं?

रानजाई

नमस्कार मंडळी.

आमचा सात-आठ जणींचा एक गट आहे. नोकरीच्या ठिकाणी छळ सोसणाऱ्या बायकांना तक्रार कशी लिहायची, पुरावे कसे जपायचे, कोणाकडे जायचं हे आम्ही सांगतो. बहुतेकींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "माझं नाव कुठे येणार नाही ना?" आतापर्यंत त्या ओळखीपाळखीतून फोन करायच्या. ज्यांची ओळख नाही त्यांनाही लिहिता यावं म्हणून एक ईमेल पत्ता काढायचं ठरलं. तो एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या सेवेवरच हवा यावर एकमत झालं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

रात्री सगळं आवरून बसले. पत्त्याचं नाव निवडलं, लांबलचक पासवर्ड वहीत उतरवला, पुढचं बटण दाबलं. समोर चौकट आली: तुम्ही माणूस आहात याची खात्री करायची आहे, फोन नंबर द्या किंवा दुसरा ईमेल द्या. त्याच सेवेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की खातं उघडायला कोणतीही वैयक्तिक माहिती लागत नाही. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. शेवटी कंटाळून माझा रोजचा ईमेल टाकला, कोड आला, खातं उघडलं. आणि लगेच पोटात गोळा आला. या पत्त्यावर ज्या बाया विश्वासानं लिहिणार, त्याच्या मुळाशी मी माझं नाव बांधून ठेवलं की काय?

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. तो पत्ता आता त्यांच्याकडे कायमचा राहणार का? फोन नंबर न देता असं खातं उघडता येतं का? आणि ज्यांना आपण कधी पाहिलेलं नाही अशा कंपनीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, पण समजून घ्यायची तयारी आहे. सविस्तर लिहिलंत तरी सगळं वाचेन.

सांजपक्षी

वाचते आहे. मी दोनदा याच चौकटीपाशी अडकून परत फिरले होते.

तारांगण

रानजाई ताई, दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते, आणि ती जवळजवळ सगळ्यांची होते. पत्रातला मजकूर तिसऱ्यानं वाचू नये, हा एक प्रश्न. पत्र कोणाचं आहे हेच कळू नये, हा दुसरा. एन्क्रिप्शन पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्याला ते फारसं हातच लावत नाही.

प्रोटॉनमेल या स्वित्झर्लंडमधल्या एन्क्रिप्टेड मेलसेवेची दोन प्रकरणं बघा. २०२१ मध्ये पॅरिसमधल्या हवामान चळवळीतल्या कार्यकर्त्यांची ओळख फ्रेंच पोलिसांना हवी होती. त्यांनी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेमार्फत स्वित्झर्लंडच्या यंत्रणेकडे मागणी केली. तिथून कायदेशीर आदेश निघाला आणि कंपनीला त्या एका खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. त्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर आयपीच्या नोंदी ठेवत नाही अशा अर्थाचं वाक्य होतं, ते प्रकरण गाजल्यावर बदललं. दुसरं प्रकरण २०२४ मध्ये उजेडात आलं. कॅटलोनियाच्या स्वातंत्र्य चळवळीशी संबंधित एका खात्याची माहिती स्पेनच्या पोलिसांनी मागितली. कंपनीनं खात्याला जोडलेला रिकव्हरी ईमेल (पासवर्ड विसरल्यास वापरायचा दुसरा पत्ता) दिला. तो पत्ता ॲपलचा होता, म्हणून पोलीस ॲपलकडे गेले आणि तिथून नाव मिळालं.

दोन्ही वेळा पत्रं कोणीही वाचली नाहीत. एन्क्रिप्शन शाबूत होतं. माणूस सापडला तो खातं उघडताना आणि वापरताना जे मागे राहिलं त्यातून.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तो रोजचा ईमेल रिकव्हरीसाठी जोडला गेला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन काढता येतो. पण पडताळणीसाठी दिलेल्या पत्त्याची नोंद वेगळी असते आणि ती तुमच्या हातात नसते. हे खातं अजून कोणाला सांगितलं नसेल तर बंद करा आणि नव्यानं उघडा. दुरुस्त करत बसू नका.

साधा_माणूस

प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. तुम्ही काही गैर करत नाही. गटाचं काम चांगलं आहे. मग त्या सेवेला तुमचं नाव कळलं तर बिघडलं काय? आणि तक्रार करणाऱ्या बाईनं नाव दिलं नाही तर तक्रारीला वजन तरी कसं येणार?

कोरा_कागद

साधा_माणूस, मी उत्तर देते, कारण मी ती बाई आहे.

काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथल्या वरिष्ठाविरुद्ध लिहिलं. तक्रार पुढे नावानिशी करायचीच होती, पण आधी एवढंच जाणून घ्यायचं होतं की अंतर्गत समिती तरी ऐकून घेते का. म्हणून नवं खातं उघडलं, त्यात माझं काही नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या वायफायवरून पत्र पाठवलं. मजकूर इतका जपून लिहिला होता की त्यावरून कोणीच ओळखलं नसतं. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. त्या दुपारी त्या वेळेला ती मेलसेवा उघडणारी संपूर्ण मजल्यावर मी एकटी होते. नेटवर्कची नोंद काढली, इतकंच. पत्रातलं एक अक्षरही त्यांना वाचावं लागलं नाही.

नाव सांगायला मी घाबरत नव्हते. ते कधी सांगायचं हे मला ठरवायचं होतं. तो एक निर्णय माझ्या हातातून गेला आणि पुढचे आठ महिने मी त्याची किंमत मोजली. वजन तक्रारीला येतंच, पण माणूस उभा राहीपर्यंत त्याला आडोसा लागतो.

साधा_माणूस

समजलं. आभारी आहे. असा विचार मी केला नव्हता.

तारांगण

कोरा_कागद, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्यासारखंच घडलेलं एक जाहीर प्रकरण आहे, फक्त तिथला माणूस तुमच्यासारखा निर्दोष नव्हता. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी ईमेलनं आली. पाठवणाऱ्यानं तात्पुरता ईमेल पत्ता वापरला होता आणि तोही टॉरमधून, म्हणजे आपला आयपी पत्ता लपवणाऱ्या जाळ्यातून. दोन्ही साधनं आपापल्या जागी नीट चालली. पण तो विद्यापीठाच्याच वायफायवर होता, आणि त्या वेळेच्या आसपास तिथून टॉर वापरणारे मोजकेच होते. चौकशीला गेल्यावर त्यानं कबूल केलं.

गर्दीत लपता येतं, पण गर्दी असावी लागते. एकटंच वेगळं साधन घेऊन उभं राहिलं तर ते साधनच बोट दाखवतं.

निरोप्या

मी एका छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो. इथे कंपन्यांवर राग दिसतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आम्हीही एकदा सदस्यांसाठी नोंदणी खुली ठेवली होती. ना नंबर, ना कोड. आम्हाला वाटलं, लोकांवर विश्वास ठेवावा. शनिवारी रात्री कोणीतरी स्क्रिप्ट लावून भराभर खाती उघडली. सकाळी पाहिलं तर बाहेर जाणाऱ्या रांगेत हजारो पत्रं, सगळी फसवणुकीची. सर्व्हर बंद करेपर्यंत आमचा पत्ता काळ्या यादीत गेला होता. त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या खऱ्या सदस्यांची पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडत होती. एका आजोबांनी रुग्णालयाला पाठवलेलं पत्र पोहोचलंच नाही, ते मला अजून लागतं.

त्यामुळे फुकट आणि निनावी खातं देणाऱ्यानं काहीतरी अडथळा घालणं भाग असतं. कोणी कॅप्चा घालतं, कोणी नंबर मागतं. टुटा (पूर्वीचं टुटानोटा, जर्मनीतलं) नंबर मागत नाही, पण नवं फुकट खातं चालू व्हायला ४८ तासांपर्यंत थांबवून ठेवू शकतं. राइजअप ही कार्यकर्त्यांसाठीची मेलसेवा आधीच्या सदस्याचं निमंत्रण मागते. टॉरमधून आलात तर चौकशी जास्त होते, कारण टॉरचा बाहेर पडण्याचा पत्ता तुमच्याबरोबर शेकडो जण वापरत असतात आणि त्यात ते स्क्रिप्टवालेही असतात. म्हणजे ज्याला आडोशाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात जास्त अडवलं जातं. हे चूक आहे हे मलाही दिसतं. पण त्यामागे दरवेळी लबाडी नसते.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. पहिल्या पानावर "काहीही माहिती लागत नाही" लिहायचं आणि चौथ्या पायरीवर नंबर मागायचा. स्पष्ट लिहा ना की कधीकधी मागू. तेवढं खरं बोललात तर माणूस आधीच ठरवेल.

रानजाई

निरोप्या, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. एक विचारू? चौकटीखाली बारीक अक्षरांत होतं की नंबर किंवा ईमेल "मूळ रूपात साठवला जात नाही, फक्त त्याचा हॅश साठवला जातो". याचा अर्थ सुरक्षित असा घ्यायचा का?

निरोप्या

हॅश म्हणजे एका बाजूनं जाणारं गणित. नंबरावरून ठरावीक लांबीची अक्षरमाला निघते, अक्षरमालेवरून नंबर काढता येत नाही. ऐकायला भक्कम वाटतं, आणि लांब पासवर्डसाठी ते भक्कम असतंही.

फोन नंबराचं तसं नाही. दहा अंकी नंबर जास्तीत जास्त किती असू शकतात? १,००० कोटी. उलटं गणित करायची गरजच नाही. सगळे नंबर एकेक करून हॅश करत जायचं आणि जुळतोय का बघायचं. एसएचए-२५६ सारखा वेगवान हॅश साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी वेळा काढतं. म्हणजे मिनिटांचं काम. मुद्दाम संथ केलेली पद्धत वापरली आणि त्यात वेगळी गुप्त किल्ली मिसळली तर हे फार अवघड होतं, पण ती किल्ली असते त्याच कंपनीकडे. आणि कोणाचा नंबर शोधायचाय हे आधीच माहीत असेल तर सगळे नंबर तपासायचीही गरज नाही. तो एकच नंबर हॅश करून बघितला की "हो" किंवा "नाही" मिळतं.

तेव्हा हॅश नसण्यापेक्षा बरा, पण त्याच्यावर कोणाची नोकरी टांगू नका.

उंबरठा

पण स्वित्झर्लंडचे कायदे तर कडक आहेत ना? म्हणूनच सगळे तिकडच्या सेवा सुचवतात. देश चांगला निवडला की अर्धी काळजी मिटली असं माझं मत आहे.

जुनी_वही

उंबरठा, देशाच्या नावावर विसंबू नका. मला या विषयाचा जुना नाद आहे, म्हणून थोडं मागून सांगतो.

१९९३ मध्ये फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी निनावी पत्रं पुढे पाठवणारा सर्व्हर सुरू केला, अनॉन डॉट पेनेट डॉट एफआय. नोंदणीची कटकट नाही. तुम्ही पत्र पाठवायचं, तो तुमचं नाव काढून एक क्रमांक लावायचा आणि पुढे पाठवायचा. उत्तर आलं की क्रमांकावरून तुमच्याकडे. सोय सुंदर होती. पण उत्तर परत पोहोचवायचं तर कोणता क्रमांक कोणाचा ही यादी कुठेतरी हवीच. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी चर्चच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले. संपूर्ण यादी जाऊ नये म्हणून हेल्सिंगियस यांनी पोलिसांनी मागितलेला एक पत्ता दिला. १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. माणूस सचोटीचा होता याबद्दल कोणाला शंका नव्हती. यादी होती, एवढंच पुरलं.

हशमेल ही कॅनडातली एन्क्रिप्टेड मेलसेवा, १९९९ पासूनची. २००७ मध्ये समोर आलं की न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांनी काही खात्यांची उलगडलेली पत्रं दिली, १२ सीडी भरून. वापरायला सोपं पडावं म्हणून त्यांनी एक पर्याय ठेवला होता, ज्यात पासवर्ड क्षणभर का होईना त्यांच्या सर्व्हरवर यायचा. तो क्षण पुरेसा होता. आजही ब्राउजरमधून एन्क्रिप्टेड मेल उघडता तेव्हा तो उलगडणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी त्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येतो, हे लक्षात असू द्या.

लॅव्हाबिट या अमेरिकी मेलसेवेची गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांचं खातं तिथे होतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं मालक लॅडार लेव्हिसन यांच्याकडे संपूर्ण सेवेची किल्ली मागितली. एका माणसासाठी चार लाखांवर लोकांचं दार उघडणारी किल्ली. त्यांनी ती आधी कागदावर छापून दिली, ११ पानं, इतक्या बारीक अक्षरांत की वाचता येऊ नये. न्यायालयानं दिवसाला ५,००० डॉलर दंड लावला. शेवटी किल्ली द्यावी लागली, आणि ८ ऑगस्ट २०१३ ला त्यांनी सेवा बंद केली. दहा वर्षांचं काम एका दिवसात मिटवलं.

आता स्वित्झर्लंड. त्सुग प्रांतातली क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक दशकं जगभरच्या सरकारांना सांकेतिक यंत्रं विकत होती. तटस्थ देश, सचोटीचं नाव, म्हणून लोक घेत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये पत्रकारांनी कागदपत्रांसह उघड केलं की १९७० पासून ती कंपनी गुपचूप सीआयए ही अमेरिकेची गुप्तचर संस्था आणि पश्चिम जर्मनीची गुप्तचर संस्था यांच्या मालकीची होती. यंत्रं मुद्दाम कच्ची ठेवलेली होती.

आजच्या स्विस मेलसेवा तशाच आहेत असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की देशाचा झेंडा हा पुरावा नव्हे.

उंबरठा

मग कोणावरच विश्वास ठेवायचा नाही का? असं असेल तर रानजाई ताईंनी पत्ता काढूच नये का?

तारांगण

काढावा, जरूर काढावा. मी स्वतः एकच प्रश्न विचारून बघतो: उद्या न्यायालयाचा आदेश आला आणि ही कंपनी मनापासून सहकार्य करायला तयार झाली, तर तिच्याकडे द्यायला काय असेल? ते त्यांच्या चांगुलपणावर ठरत नाही. त्यांच्याकडे तुमचं काय साठलंय त्यावर ठरतं, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतःच नोंदणीच्या वेळी दिलेलं असतं.

२०१६ मध्ये सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे अमेरिकेत असा आदेश आला. त्यांनी दिलं काय? खातं कधी उघडलं ती वेळ आणि शेवटचं कधी जोडलं गेलं तो दिवस. बाकी त्यांच्याकडे नव्हतंच. गंमत नाही, विचार करण्यासारखं आहे की सिग्नल नोंदणीला फोन नंबर मागतंच. म्हणजे ते तुम्हाला निनावी ठेवत नाही, पण तुमच्याबद्दल फार कमी साठवतं.

याची दुसरी बाजूही आहे. बर्लिनच्या पोस्टिओ या मेलसेवेनं आपली यंत्रणाच अशी बांधली होती की ग्राहकांचे आयपी नोंदले जाऊ नयेत. तरी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं डिसेंबर २०१८ च्या निर्णयात ते कारण मान्य केलं नाही. आदेश असेल तर आयपी द्यायची सोय करावी लागेल. आणि २०२० मध्ये कोलोनच्या न्यायालयानं टुटानोटाला एका खात्यात येणाऱ्या साध्या पत्रांची प्रत काढून देण्याची सोय करायला लावली. साधी पत्रं म्हणजे बाहेरच्या सामान्य मेलसेवेवरून येणारी. ती त्यांच्या दारात उघडीच येतात, आत आल्यावर कुलूपबंद होतात. टुटाच्याच एका खात्यातून दुसऱ्याकडे गेलेली पत्रं मात्र त्या आदेशानंतरही उलगडता येत नव्हती.

ताई, हे शेवटचं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे लिहिणाऱ्या बाया कुठून लिहिणार? आपल्या रोजच्या मेलवरून. म्हणजे तुमचं खातं कितीही पक्कं असलं तरी त्या पत्राची एक उघडी प्रत त्यांच्या स्वतःच्या पाठवलेल्या पत्रांत राहणार, कदाचित ऑफिसनं दिलेल्या खात्यात. तुम्ही स्वतःला लपवायच्या मागे लागला आहात. धोका पत्राच्या त्या टोकाला आहे.

रानजाई

हे वाचून मी गप्पच झाले. आम्ही पंधरा दिवस फक्त आमच्या टोकाचा विचार करत होतो.

कवडसा

मी आज दुपारी एक प्रयोग केला, तो सांगते. संगणकावरच्या मेल प्रोग्राममधून मीच मला एक पत्र पाठवलं आणि त्याचा पूर्ण हेडर (पत्राबरोबर जाणारी लपलेली तांत्रिक माहिती) उघडला. "मूळ संदेश दाखवा" असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. "रिसीव्हड" असं लिहिलेल्या सगळ्यात खालच्या ओळीत माझ्या घरच्या जोडणीचा आयपी होता आणि माझ्या लॅपटॉपचं नाव. ते नाव मी विकत घेतल्या दिवशी सहज ठेवलं होतं: माझं पहिलं नाव आणि पुढे लॅपटॉप. तारखेच्या ओळीत मी कोणत्या वेळेच्या पट्ट्यात आहे तेही.

मग तेच ब्राउजरमधून पाठवलं, तर आयपी आणि लॅपटॉपचं नाव दोन्ही नव्हतं. प्रत्येक सेवेचं वेगळं असतं, म्हणून आपलं आपण पाहिलेलं बरं. दोन मिनिटं लागतात.

रानजाई

कवडसा, तुमचं वाचून लगेच करून बघितलं. हेडरपर्यंत जायची वेळच आली नाही. नव्या खात्याचं ॲप फोनवर घातलं होतं, त्यातून गटातल्या मैत्रिणीला चाचणीचं पत्र पाठवलं. तिचं उत्तर आलं, "पाठवणाऱ्याच्या जागी तुझं पूर्ण नाव दिसतंय." ॲपनं ते फोनमधून उचललं की मी कधी भरलं, मला आठवत नाही. ही बाई बाहेरची असती तर?

जुनी_वही

बरं झालं मैत्रिणीला पाठवलंत. २०१२ मध्ये सीआयएचे प्रमुख डेव्हिड पेट्रेअस यांना राजीनामा द्यावा लागला, त्याची सुरुवातही निनावी ईमेलपासून झाली. पाठवणारीनं खोट्या नावाची खाती वापरली होती, पण ती उघडली वेगवेगळ्या हॉटेलांच्या वायफायवरून. तपासणाऱ्यांनी त्या त्या तारखांना त्या हॉटेलांत कोण उतरलं होतं हे ताडून पाहिलं. एकच नाव सगळीकडे निघालं. सवयीनं केलेल्या साध्या गोष्टीच शेवटी बोलतात.

निरोप्या

ताई, दोन पर्याय सुचवतो.

ईमेलच ठेवायचा असेल तर नवं खातं टॉर ब्राउजरमधून उघडा, घरच्या जोडणीवरून, ऑफिसच्या कधीच नाही. नंबर मागितला तर थांबा, दुसरी सेवा बघा किंवा ४८ तास वाट बघायची तयारी ठेवा. रिकव्हरी ईमेल जोडू नका. त्याऐवजी सेवा जी शब्दांची यादी देते ती कागदावर लिहून दोघींकडे ठेवा, कारण पासवर्ड विसरलात तर जुनी पत्रं कंपनीलाही उघडता येणार नाहीत. पैसे भरून खातं घेणार असाल तर कार्डावर नाव असतं हे ध्यानात ठेवा. पोस्टिओसारख्या काही सेवा पाकिटातून रोख रक्कम घेतात. आणि पुढेही त्याच पद्धतीनं उघडत राहा. उघडताना टॉर आणि महिन्याभरानं घाईत फोनवरून साधं, असं केलं तर पहिली सगळी मेहनत वाया जाते.

दुसरा पर्याय ईमेलचा नादच सोडायचा. ग्लोबालीक्स नावाचा मुक्त प्रोग्राम आहे, निनावी तक्रारी घेण्यासाठीच बनवलेला. लिहिणाऱ्या बाईला खातं उघडावं लागत नाही. ती पान उघडते, लिहिते आणि तिला १६ अंकी पावती क्रमांक मिळतो. उत्तर बघायला तोच क्रमांक टाकायचा. वृत्तपत्रांत वापरतात ते सिक्युअरड्रॉप याच जातीचं, पण तुमच्यासाठी फार जड होईल. अर्थात ग्लोबालीक्ससाठीही सर्व्हर लागतो आणि तो कोणीतरी सांभाळावा लागतो. तुमची तयारी असेल तर पहिले सहा महिने मी सांभाळून देईन, पण मग विश्वास माझ्यावर ठेवावा लागेल. तेव्हा आधी मला भेटा, हवं ते विचारा, मग ठरवा.

सांजपक्षी

निरोप्या, फार मोलाचं बोललात. ताई, काय ठरतंय ते नक्की लिहा.

रानजाई

चार दिवसांनी लिहिते आहे.

पहिलं खातं बंद केलं. दुसरं टॉरमधून उघडलं. पहिल्या सेवेनं नंबर मागितला, सोडून दिली. दुसरीनं दोन दिवस ताटकळत ठेवलं, मग चालू झालं. रिकव्हरी ईमेल नाही. शब्दांची यादी दोन घरांत दोन कागदांवर आहे. फोनवर ॲप घालायचं नाही असं सगळ्यांनी कबूल केलं आहे. ग्लोबालीक्सबद्दल निरोप्यांना आम्ही दोघी भेटणार आहोत, ते झालं की पुढचं.

पत्त्याबरोबर छापायचा मजकूर असा केला आहे, जरा बघा:

"ऑफिसच्या संगणकावरून, फोनवरून किंवा वायफायवरून लिहू नका. ऑफिसनं दिलेल्या ईमेलवरून लिहू नका. शक्य असेल तर याच सेवेवर नवं खातं उघडून लिहा. पहिल्या पत्रात नाव, हुद्दा, कंपनी लिहू नका, फक्त काय झालं ते लिहा. विषयाच्या ओळीत काहीही लिहू नका. पाठवलेलं पत्र तुमच्याकडेही राहतं, ते ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचं नाव कधीही उघड होणार नाही याची आम्ही हमी देतो."

कोरा_कागद

विषयाची ओळ लिहिलीत ते फार चांगलं केलंत. प्रोटॉनसारख्या ओपनपीजीपी या एन्क्रिप्शनच्या पद्धतीवर चालणाऱ्या सेवांत ती टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसते, टुटामध्ये असते. बायांना हा फरक सांगत बसण्यापेक्षा कोरी ठेवा म्हणणंच बरं.

शेवटचं वाक्य मात्र काढा. मला तेव्हा कोणीतरी नेमकं हेच सांगितलं होतं, आणि सांगणारी खोटी नव्हती.

रानजाई

काढलं. त्या जागी आता असं आहे: "तुमचं नाव आम्ही विचारणार नाही. जे आमच्याकडे नाही, ते आम्हाला कोणाला देता येणार नाही. पण तुमच्या टोकाला काय मागे राहतं त्यावर आमचा ताबा नाही, म्हणून वरच्या सूचना दोनदा वाचा, मगच लिहा."

उद्या छापायला देते आहे.